पाहुण्या गुरुजींच्या भरवशावर

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांत शिकवायला आलेला माणूस बहुधा बाहेरचाच असतो. संस्थेने पाठवलेली मुलगी पुण्या-मुंबईची असते, जिल्हा परिषदेचे गुरुजी परभणी, बीड किंवा सोलापूरकडचे असतात. पहिलीला हौस किंवा ध्येय घेऊन येते, दुसऱ्यांना नेमणुकीचा कागद. दोघांच्याही मनात परतीची तारीख कुठे ना कुठे ठरलेली असते. दहांपैकी नऊ माणसे आदिवासी असलेल्या या भागात वारली, कोकणा, ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांची मुले शिकतात ती अशा पाहुण्यांच्या हाताखाली. ही आजची गोष्ट नाही. गेली आठ दशके इथल्या शिक्षणाचा मोठा भार पाहुण्यांनी उचलला आहे. त्यांच्या कष्टांचे कौतुक भरपूर झाले. आता या कष्टांवर कोण किती काळ निभावून नेत आले, हेही विचारायला हवे.

जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान, सुमारे ३१० चौरस मैलांचे. शेजारचा मोखाडा ब्रिटिशांच्या ठाणे जिल्ह्यात. राज्यकर्ते वेगळे असले तरी पाड्यावरच्या माणसाचे जिणे सारखेच होते. जमीन सावकाराकडे, जंगल ठेकेदाराकडे आणि अंगमेहनत दोघांकडे. मुंबई इलाख्यातल्या आदिवासींच्या स्थितीची पाहणी करणारा सायमिंग्टन यांचा अहवाल १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. ठाणे जिल्ह्यातली वेठ आणि कर्जापायी होणारी गुलामी त्यामुळे सरकारदरबारी नोंदली गेली. लग्नासाठी शे-दोनशे रुपये उचलायचे आणि ते फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा मरेपर्यंत, नवरा-बायकोने सावकाराकडे राबायचे, अशी ही रीत. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. लग्नगड्याच्या पोराने शाळेत जायचे तर सावकाराची गुरे कोणी राखायची, या प्रश्नाला तेव्हाच्या शिक्षण खात्याकडे उत्तर नव्हते.

त्या प्रश्नाला पहिल्यांदा थेट हात घातला गोदावरी परुळेकरांनी. पुण्यात वाढलेल्या, कायद्याची पदवी घेतलेल्या गोदूताईंनी भारत सेवक समाजात असताना १९३७-३८ मध्ये प्रौढ साक्षरतेची मोहीम चालवली होती. म्हणजे त्यांची सुरुवात एका अर्थाने शिक्षण स्वयंसेवकाचीच. पुढे किसान सभेच्या कामातून त्या वारल्यांच्या पाड्यांवर पोहोचल्या. त्यांच्याच झोपड्यांत राहिल्या, ताटात पडेल ते खाल्ले. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याच्या किसान परिषदेला वारली गेले आणि तिथून परतल्यावर वेठीविरुद्धचा लढा पेटला. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, माणसे मेली; पण वेठ मोडली. अक्षरे गिरवायला लावण्याआधी माणसाचा दिवस त्याच्या मालकीचा करावा लागतो, हे या लढ्याने दाखवले. त्यानंतर या मुलखात आलेल्या प्रत्येक शिक्षकाला ही गोष्ट नव्याने शिकावी लागली आहे.

त्याच १९४५ साली डहाणूजवळ बोर्डीला दुसरे एक काम उभे राहिले. ताराबाई मोडक तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या, बालशिक्षणात नाव झालेल्या. शहरातल्या बालमंदिरांतून निघून त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. पस्तिशीच्या अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येत नाहीत म्हणून कपाळाला हात लावण्याऐवजी या दोघींनी शाळाच मुलांकडे नेली. पाड्यातल्या अंगणात अंगणवाडी भरली. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरत असताना झाडाखाली वर्ग. बिया, खडे, पाने हेच साहित्य. पुढे देशभर सरकारी योजनेतून पोहोचलेल्या अंगणवाडीचे मूळ या कामात आहे. अनुताई १९९२ मध्ये वारल्या, तोवर त्यांनी हे काम सोडले नव्हते. सत्तेचाळीस वर्षे मुक्काम केलेल्या माणसाला पाहुणे म्हणायला जीभ धजावत नाही.

त्यानंतरच्या पिढ्यांनीही हा मुलूख सोडला नाही. १९७२ पासून जव्हारमध्ये प्रगती प्रतिष्ठानचे काम चालू आहे, त्यात मूकबधिर मुलांची निवासी शाळाही आहे. १९८२ मध्ये रमेश पानसे यांनी अनुताईंच्या सोबतीने ग्राममंगल सुरू केले आणि डहाणूतल्या ऐन्याच्या शाळेत मुलांच्या बोलीपासून प्रमाण मराठीपर्यंत कसे न्यावे, याचे प्रयोग झाले. त्याच परंपरेतून पुढे आलेल्या नीलेश निमकरांची क्वेस्ट ही संस्था वाड्यातल्या सोनाळ्याहून शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे काम करते. आरोहन ही संस्था मोखाडा-जव्हारमध्ये कुपोषणापासून शाळेपर्यंतच्या प्रश्नांत आहे. मिलिंद थत्ते यांच्या वयम् चळवळीने जव्हारमध्ये मुक्काम ठोकून कायदा वाचणे, अर्ज लिहिणे, ग्रामसभेत नियमावर बोट ठेवणे हेच शिक्षण मानले. तलासरीकडे मिशनऱ्यांच्या शाळा आणि हिंदुत्ववादी संघटनांची वसतिगृहेही उभी राहिली. झेंडे निरनिराळे, पण अनोळखी मुलखात जाऊन राहायचे आणि शिकवायचे, हा धागा सगळ्यांचा.

बदलली ती मुक्कामाची लांबी. गोदूताई-अनुताईंच्या पिढीने आयुष्य दिले, सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्यांनी उमेदीची वर्षे दिली. आजचा स्वयंसेवक वर्ष-दोन वर्षांच्या फेलोशिपवर येतो. त्यात त्याचा दोष नाही. घरचे हप्ते आणि पुढचे शिक्षण यांचा हिशेब त्यालाही चुकत नाही. पण मुक्काम आखूड झाला की कामाचा पोतही बदलतो.

या मुक्कामाचे रोजचे रूप काय? खोडाळ्याच्या किंवा सूर्यमाळच्या बाजूच्या एखाद्या पाड्यावर कुणाच्या घराची पुढची खोली, कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन. मोबाइलला रेंज ठरावीक चढावर, त्यामुळे घरी फोन करायचा तर संध्याकाळी तिथवर चालत जायचे. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत आणि उन्हाळ्यात आंघोळीपुरते पाणी नसते. मध्य वैतरणाचे धरण मोखाडा तालुक्यात, त्याचे पाणी मुंबईच्या नळाला. इथल्या बाया मात्र एप्रिल-मेमध्ये डोक्यावर हंडे घेऊन झऱ्याच्या वाटेला असतात. नव्या ताईला आधी हंडा उचलायचे कसब शिकावे लागते, मग नागलीची भाकरी थापायचे. शिकवणाऱ्या असतात तिच्याच वर्गातल्या मुली. पहिले दोन-तीन महिने ती बोलते ते पोरांना अर्धे कळते, पोरे बोलतात ते तिला पाव. पुस्तकातले ‘शेजारी’, ‘बाग’, ‘रविवारची सुट्टी’ हे सगळे इथे परके आहे. खेकडे कुठल्या दगडाखाली असतात आणि मोहाची फुले पहाटे का वेचायची, हे पोरांना पक्के ठाऊक आहे. पण पाठ्यपुस्तकात त्याला जागा नाही. हुशार स्वयंसेवक तिथूनच सुरुवात करतो. ‘आमच्या पाड्यावर’ असे पुस्तक पोरांकडून लिहून घेतो, वर्गात टांगतो. पुस्तकी मराठीपेक्षा या पानांवरची मराठी वाकडीतिकडी असते, पण मूल ती वाचते, कारण ती त्याचीच असते.

जुलैत भाताची आवणी सुरू झाली की मोठ्या मुली दिसेनाशा होतात. आई शेतात, म्हणून धाकट्याला कडेवर घेऊन घर सांभाळायचे त्यांनी. कुणी त्या लहानग्याला घेऊनच वर्गात येते. ताई शहाणी असेल तर हाकलत नाही. गणपतीनंतर हजेरी भरू लागते, वाचन जमू लागते. आणि दिवाळी झाली की मुकादमाचा टेम्पो येतो.

खरी परीक्षा इथे आहे. भात-नागली-वरईची एक पावसाळी शेती, तिच्यावर घर वर्षभर चालत नाही. वीटभट्टीवाल्याकडून उचल घेतलेली असते, कधी सणासाठी, कधी औषधपाण्यासाठी, कधी पुन्हा लग्नासाठीच. भिवंडी, वसई, कल्याणच्या भट्ट्यांवर घरेच्या घरे जातात ती पाऊस तोंडावर आल्यावर परततात. चौथीतला पोरगा तिथे विटा उलटवतो, भाऊ-बहीण सांभाळतो. इकडे हजेरीपटावर त्याच्या नावापुढे रकानेच्या रकाने मोकळे. जूनमध्ये शिकवलेले जानेवारीत पुसले जाते आणि पुढच्या जूनला येणारा नवा दादा पुन्हा ‘अ’पासून सुरुवात करतो. विधायक संसद या संस्थेने नव्वदच्या दशकात भट्ट्यांवरच भोंगाशाळा चालवल्या तेव्हा कुरणशाळेचाच विचार पुढे नेला होता. सरकारनेही नंतर हंगामी वसतिगृहे आणली, स्थलांतरित मुलासाठी शिक्षण हमी पत्रक काढले. कल्पना चांगल्या आहेत. मात्र वसतिगृहाचा आदेश आणि पैसा वेळेत आला तरच त्यांना अर्थ. टेम्पो दिवाळीनंतर निघतो, तो फायलीसाठी थांबत नाही. लग्नगड्याचे कर्ज आणि भट्टीची उचल यांत ऐंशी वर्षांचे अंतर आहे, पण दोन्हींनी मुलाला एकाच दारातून बाहेर काढले.

अशा ठिकाणी शासनाने काय केले? स्वयंसेवेचे कौतुक केले आणि तिचीच नोकरी करून टाकली, स्वस्तातली. २००० मध्ये शिक्षणसेवक योजना आली. पात्र, प्रशिक्षित शिक्षकाने तीन वर्षे मानधनावर काढायची. प्राथमिकसाठी ते महिना ३,००० रुपये होते, पुढे ६,००० झाले आणि २०२३ मध्ये १६,०००. ही योजना आली त्याच सुमारास वाड्या-पाड्यांवर वस्तीशाळा निघाल्या. तिथे शिकवणाऱ्या स्थानिक तरुणाला नावच ‘स्वयंसेवक’ दिले गेले आणि सुरुवातीचे मानधन होते महिना हजार रुपये. पुढे तो निमशिक्षक झाला, आंदोलने झाली, २०१४ मध्ये त्याला नियमित शिक्षक म्हणून सामावून घेतले गेले. तपाहून अधिक काळ त्याने अर्ध्या नावावर काढला. तरीही वस्तीशाळेने एक गोष्ट सिद्ध केली. पाड्याची बोली येणारा, पाड्यावरच राहणारा मास्तर मिळू शकतो. त्याला प्रशिक्षण आणि पगार देण्याची दानत मात्र उशिरा येते.

उलट बाजूला आंतरजिल्हा बदल्यांचा खेळ चालू राहिला. दूरच्या जिल्ह्यातला उमेदवार पालघरमध्ये लागतो आणि वर्षे भरली की गावाकडे बदली मागतो. माणूस म्हणून त्याचेही बरोबर आहे; म्हातारे आई-बाप तिकडे असतात. पण रिकामी खुर्ची लवकर भरत नाही. २०२३ मध्ये निवृत्त शिक्षकांना २०,००० रुपये मानधनावर पुन्हा बोलावण्याचा निर्णय झाला, तोही याच खुर्च्या भरण्यासाठी. एकशिक्षकी, दोनशिक्षकी शाळेत एखादी संस्था स्वयंसेवक देते म्हणाली की अधिकाऱ्यांना हायसे वाटते, ते उगीच नाही.

स्वयंसेवकांच्या बळावर शिकवण्याचा अनुभव जगातही आहे. क्यूबाने १९६१ मध्ये सुमारे एक लाख किशोरवयीन मुलामुलींना हातात कंदील आणि अंकलिपी देऊन डोंगराळ खेड्यांत पाठवले. ती शेतकऱ्यांच्या घरी राहिली, दिवसा शेतात राबली, रात्री शिकवले. वर्षाअखेरीस मोहीम संपली, कारण ती संपण्यासाठीच आखलेली होती. पुढचे काम सरकारने शाळा आणि शिक्षक देऊन हाती घेतले. आपल्याकडे साताऱ्यातून १९५९ मध्ये सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेचाही बाज असाच होता. गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ करायचा आणि पुढे सरकायचे. मोहिमेला शेवट असतो. जव्हार-मोखाड्यात मात्र वर्षे उलटली तरी मोहीमच चालू आहे.

याचा अर्थ बाहेरच्यांनी येऊच नये, असा काढणे चुकीचे. पाहुण्याकडे एक बळ असते. त्याला गावातल्या सावकाराचे, पुढाऱ्याचे ओझे नसते. तहसील कचेरीत तो आवाज चढवून विचारू शकतो. शहरातल्या ओळखी तो इथे कामाला लावतो. १९९२-९३ मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला, तेव्हा शासनाला हलवायला बाहेरच्या नजरांचा उपयोग झालाच. शिवाय ‘स्थानिक’ हा शब्द म्हणजे गुणवत्तेची हमी नाही. स्थानिक गुरुजीही शाळेला दांडी मारू शकतात आणि आपल्याच बोलीची लाज पोरांना शिकवू शकतात. ताराबाई, अनुताई इथल्या नव्हत्या, तरी या मातीला समजून घेण्यात त्या इथल्यांच्याही पुढे होत्या.

म्हणून मोजमाप बदलायला हवे. स्वयंसेवकाने किती हाल सोसले, किती किलोमीटर चालला, हे अहवालात शोभते. तो गेल्यानंतर वर्ग कोण चालवते, हे पाहिले पाहिजे. संस्थांनी प्रत्येक फेलोसोबत पाड्यावरची एक बारावी झालेली मुलगी किंवा मुलगा कामाला जोडावा, त्याच्या शिक्षक पदविकेचा खर्च उचलावा आणि आपला माणूस किमान तीन वर्षे एका जागी ठेवावा. शासनाने पेसा कायद्याखालच्या आदिवासी क्षेत्रातल्या शिक्षकपदांवर बोली जाणणाऱ्या स्थानिकांची पूर्ण पगारावर नेमणूक करावी, कंत्राट आणि मानधनाच्या पळवाटा बंद कराव्यात. हंगामी वसतिगृहाचे पैसे दसऱ्याआधी शाळेच्या खात्यात पडावेत. आणि रोजगार हमीची कामे दिवाळीच्या तोंडावर गावातच सुरू करावीत, म्हणजे उचल घ्यावी लागणारच नाही. यातल्या एकाही गोष्टीसाठी नवी समिती लागत नाही. यातले थोडे जरी वेळेवर झाले, तर पाहुण्या गुरुजीवरचा भार उतरेल आणि त्याला इथे मनापासून शिकवायला व शिकायला येता येईल. ते होत नाही तोवर स्वयंसेवेच्या सत्कारसमारंभांत शासनाने अध्यक्षस्थानी बसू नये.