तबकडीच्या मागच्या बाजूची मुंबई

'द इनर लाइट' हे बीटल्सचं गाणं फार थोड्यांच्या कानावर असतं. १५ मार्च १९६८ रोजी 'लेडी मॅडोना'ची तबकडी आली, तेव्हा ते तिच्या मागच्या बाजूला होतं. त्यातलं एकही वाद्य बीटल्सपैकी कोणी वाजवलेलं नाही. त्या जानेवारीत जॉर्ज हॅरिसन 'वंडरवॉल' या चित्रपटाच्या संगीतासाठी मुंबईत आला होता. फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत चित्रपटाच्या कामासोबतच त्याने इथल्या वादकांकडून ही चालही वाजवून घेतली. त्यात आशिष खान यांचा सरोद, महापुरुष मिश्र यांचा पखवाज, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी, शिवाय शहनाई आणि पेटी होती. हॅरिसनने लंडनला परतल्यावर फेब्रुवारीत त्यावर आपला आवाज दिला. लेनन आणि मॅकार्टनी केवळ शेवटी सूर मिसळतात. म्हणून हे गाणं मुंबईच्या ध्वनिमुद्रणांच्या इतिहासातही मोजायला हवं, असं मला ठामपणे वाटतं.

ही सगळी त्या काळातली भारतीय सुरांची हौस होती, असं कोणी म्हणेल. 'नॉर्वेजियन वुड'मधल्या सतारीपुरतं ते पटतं, कारण तिथे गिटारच्या गाण्यावर सतारीची वेलबुट्टी आहे. इथे गिटार नाही, बेस नाही, ड्रमही नाहीत. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा: चाल हॅरिसनची, आणि शब्दांचं मूळ 'ताओ ते चिंग'च्या ४७व्या अध्यायात. घराबाहेर न पडताही जग जाणता येतं, हा त्याचा आशय. केंब्रिजचे संस्कृत अध्यापक हुआन मास्कारो यांनी पत्र लिहून तो संगीतात बांधायला सुचवलं होतं. तेव्हा रचनाकार म्हणून हॅरिसनचंच नाव हवं, यात वाद नाही. पण कडव्यांमधली बासरी लक्ष देऊन ऐका. ती गळ्याच्या मागोमाग संगत करते असं वाटतं. प्रत्यक्षात ती आधी वाजली आणि गळा काही आठवड्यांनी तिच्यावर बसला. पखवाज उसळतो, सरोद आणि शहनाई एकमेकांना उत्तरं देतात, ते बोलणं वादकांच्या हातांतलं आहे.

या वादकांची नावं 'द इनर लाइट'च्या तबकडीवर नव्हती. साथीदारांची नावं तबकडीवर छापायची तेव्हा रीतच नव्हती, हेही खरं. मात्र त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्या चित्रपटाच्या संगीताची तबकडी 'वंडरवॉल म्युझिक' निघाली, तेव्हा तिच्या वेष्टनावर आशिष खान होते, महापुरुष मिश्र होते, बासरीवाले एस. आर. केंकरे आणि तारशहनाईवाले विनायक व्होराही होते. म्हणजे रीत बदलता येत होती, आणि खुद्द हॅरिसननेच ती बदलली. ते वेष्टन समोर असताना 'द इनर लाइट'खाली त्याच्या वादकांची नावं आज तरी छापायला कोणती अडचण आहे?