मांजर कुणाचे, केर कुणाचा?

मांजर पाळायचा हट्ट आपला आणि त्याचे केस वेचायचे काम आईचे, ही वाटणी आपल्या घरांत कुणाला खटकत नाही. आता व्हॅक्यूम क्लीनर आला, तरी नळी तिच्याच हाती!

धूळ फुंकून उडवणारे यंत्र पाहून ती उडवण्याऐवजी ओढून घ्यावी, असे इंग्लंडातील ह्यूबर्ट सेसिल बूथ यांना वाटले व १९०१ साली त्यांनी तसे यंत्र केले. आपण मात्र आधी केरसुणीने केस हवेत उडवतो आणि मग यंत्र लावतो. कोरड्या फरशीवर आधी यंत्र, नंतर ओले फडके, हा क्रम हवा. सतरंजीच्या विणीत केस अडकतात. तेथे नळी सावकाश, उभी-आडवी फिरवावी. ओलसर रबरी हातमोजा आधी फिरवला तर निम्मे काम होते.

पण खरा प्रश्न घरातल्या दमेकऱ्याचा आहे. दोष केसांना दिला जातो. त्रास देते ते मांजराच्या लाळेतील व त्वचेतील प्रथिन. त्याचे सूक्ष्म कण तासन्‌तास तरंगतात. साध्या पिशवीतून ते मागच्या वाटेने पुन्हा खोलीत येतात, म्हणजे सफाई झाली आणि खोकला वाढला! हेपा गाळणी ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते. ती महाग पडते खरी. पण बिचाऱ्या मांजराला पोत्यात घालून दूर सोडून येण्यापेक्षा बरी.

आणि पिशवी? दमा असलेल्याने ती झटकू नये. ज्याच्या उशाशी मांजर झोपते त्याने ती अंगणात नेऊन रिकामी करावी. सुट्टीत घरी गेलेल्या विद्यार्थ्यांनी तर नक्कीच.