संकेतस्थळांचा हयातीचा दाखला



नोव्हेंबर आला की आम्हा निवृत्तीवेतनधारकांची बँकेत रांग लागते. हयातीचा दाखला! माणूस समोर उभा आहे, बोलतो आहे, पंख्याखालची खुर्ची मागतो आहे, तरी सही झाल्याशिवाय तो जिवंत नाही. या प्रकाराला हसणारे पुष्कळ आहेत. मी हसत नाही. माणूस गेला की घरचे लोक सर्वांत आधी कोषागाराला कळवायला धावत नाहीत. मरणाची बातमी पोचेलच याची खात्री नसते, म्हणून जिवंत असल्याची खात्री दरवर्षी नव्याने करून घ्यायची. २०१४ पासून 'जीवन प्रमाण'ची सोय आली आणि हे काम घरबसल्याही होऊ लागले, पण दाखला काही सुटला नाही.

संकेतस्थळांनाही असाच एक मुदतीचा दाखला लागतो. तो यंत्राने आपोआप नवा करावा की माणसाने लक्ष ठेवून, यावरून पुण्याच्या पुतण्याशी माझी दिवाळीत चांगलीच जुंपली. तो याच क्षेत्रात आहे आणि मी आपला मराठी माध्यमाचा बी. ए. :-) तरीही माझे मत इथे लिहून ठेवतो.

आधी हा दाखला म्हणजे काय ते सांगतो. पत्त्याच्या सुरुवातीला 'एचटीटीपीएस' असते तेव्हा आपला ब्राउझर (आपण पूर्वी न्याहाळक म्हणायचो) समोरच्या संगणकाकडे प्रमाणपत्र मागतो. त्यात नाव असते, किल्ली असते, मुदत असते आणि देणाऱ्या संस्थेची सही असते. ते जुळले की पुढचे बोलणे कुलूपबंद होते, वाटेत कोणाला वाचता येत नाही. बस्स, एवढेच. समोरचा प्रामाणिक आहे असे ते प्रमाणपत्र म्हणत नाही. भामटासुद्धा स्वतःच्या नावाचे प्रमाणपत्र रीतसर काढू शकतो. लोक कुलपाच्या चित्रावर नको तेवढा विश्वास टाकतात हे बघून क्रोमने २०२३ मध्ये ते चित्रच काढून टाकले.

आता मुदत संपली तर काय होते ते बघा. गेल्या वर्षी इथे मालेगावात (आमचे वाशिम जिल्ह्यातले, नाशिककडचे नव्हे, हे दर वेळी सांगावे लागते) एका केंद्रात कामासाठी बसलो होतो. तिथल्या मुलाने एका संस्थेचे पान उघडले, तर पडद्यावर लाल खुणेची सूचना आली की हे कनेक्शन सुरक्षित नाही, प्रमाणपत्राची तारीख उलटली आहे. मुलाने ती वाचलीसुद्धा नाही. 'ॲडव्हान्स्ड', मग 'प्रोसीड', झाले. मी विचारले तर म्हणतो, "सर, हे तं रोजचंच हाय. याले काई होत नाई." शेजारी बसलेल्या बाईंचा आधार क्रमांक आणि बँक खाते त्याच पानावर भरले गेले.

त्या दिवशी बहुधा खरेच काही झाले नसेल. कोणीतरी नूतनीकरण विसरले असेल, इतकेच. पण उद्या मध्येच कोणी खोटे पान घालून बसला, तरी तसाच पडदा दिसणार आणि त्या मुलाचे बोट तिथेच जाणार. 'लांडगा आला रे आला'मध्ये ओरडणारा पोरगा फसवा होता. इथे ओरडणारा खरा आहे, पण रोज ओरडायला लावून आपणच त्याचा आवाज वाया घालवतो. आणि त्याची झळ संस्थेला लागत नाही, ज्या बाईंना पडद्यावरचे इंग्रजी वाचता येत नाही त्यांना लागते. मी आपोआप नूतनीकरणाच्या बाजूने आहे तो मुख्यतः यासाठी.

विसरतात ते फक्त खेड्यापाड्यातले लोक असेही नाही. ६ डिसेंबर २०१८ ला एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधले एक प्रमाणपत्र कालबाह्य झाले आणि ब्रिटनमध्ये ओ-टूच्या, जपानमध्ये सॉफ्टबँकेच्या ग्राहकांचे मोबाईल बंद पडले. ३ फेब्रुवारी २०२० ला मायक्रोसॉफ्टचे टीम्स काही तास अडले, कारण तेच. एवढ्या मोठ्यांना तारीख आठवत नाही, तिथे पतसंस्थेच्या कारकुनाला काय बोल लावायचा?

यावरचा उपाय जुना झाला आहे. 'लेट्स एन्क्रिप्ट' ही ना-नफा संस्था डिसेंबर २०१५ पासून सर्वांना फुकट प्रमाणपत्रे देते, तीही नव्वद दिवसांची. त्यांची पद्धत मला फार आवडली. आपला संगणक अर्ज करतो. संस्था म्हणते, घर तुमचेच आहे ना, मग मी देतो ही खूण तुमच्या अंगणात ठेवून दाखवा. संगणक ती खूण ठेवतो, संस्था बाहेरून येऊन बघते, खूण सापडली की प्रमाणपत्र हातात. तीसेक दिवस उरले की हाच खेळ पुन्हा, कोणी सांगायची गरज नाही. 'ॲक्मे' नावाच्या या रीतीला मार्च २०१९ मध्ये महाजालाचे अधिकृत मानक म्हणून मान्यताही मिळाली.

पुतण्याचे म्हणणे, माणसाने न बघता दिलेल्या दाखल्याला काय अर्थ? मी त्याला २०१४ ची आठवण करून दिली. त्या जुलैमध्ये गूगलला आढळले की आपल्याच एनआयसीकडून गूगलच्या काही नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाली आहेत. एनआयसी म्हणजे सरकारी संस्था, तिच्यावर नियंत्रक, सगळे रीतसर. नियंत्रकाने ३ जुलैला एनआयसीची संबंधित प्रमाणपत्रे रद्दही केली. पण रद्द झाल्याची वार्ता प्रत्येक ब्राउझरला आपसूक कळत नाही! गूगलला क्रोमपुरती वेगळी तजवीज करावी लागली, मायक्रोसॉफ्टला विंडोजसाठी वेगळी. कोषागाराची अडचण तीच इथली. म्हणून भरवशाचा उपाय एकच उरतो, मुदत आखूड ठेवायची, म्हणजे चुकीचा दाखला फार दिवस जगणार नाही.

जगाने आता तीच वाट धरली आहे. प्रमाणपत्र देणारे आणि ब्राउझर बनवणारे यांच्या मंडळाने एप्रिल २०२५ मध्ये ठरवले की ३९८ दिवसांची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० आणि २०२९ च्या मार्चपासून फक्त ४७ दिवस. म्हणजे वर्षातून आठ वेळा नूतनीकरण. हे हाताने कोण करणार?

पुतण्याचा दुसरा मुद्दा मात्र मला पटला. आपोआप चालणारी गोष्ट बंदही आपोआपच पडते आणि तेव्हा तिची ओळख असणारा कोणी उरलेला नसतो. लेट्स एन्क्रिप्टने मुदत संपत आल्याची पत्रे पाठवणेही जून २०२५ पासून थांबवले आहे. तेव्हा काम यंत्राने करावे, पण ते झाले की नाही हे बघणारे दुसरे यंत्र हवे आणि त्याची हाक ऐकणारा माणूसही हवा. एक नव्हे, दोन. एकाची बदली होते, एक नोकरी सोडतो, आणि सूचना त्याच्या जुन्या टपालपेटीत पडून राहतात.

मोठ्यांचे निभेल. जिल्ह्यांची संकेतस्थळे एनआयसीच्या सामाईक व्यवस्थेवर आहेत. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२५ अखेरपर्यंत बँकांना 'बँक डॉट इन' या नावाखाली जायला सांगितले, तेही चांगलेच झाले, निदान नावावरून बँक ओळखता येईल. काळजी आहे ती पतसंस्था, महाविद्यालये, शिक्षणसंस्था यांची. कोणाच्या तरी भाच्याने संकेतस्थळ करून दिलेले असते आणि भाचा आता बंगळुरात असतो. खर्चाची सबब इथे चालत नाही, कारण प्रमाणपत्र फुकट आहे. कंत्राटात एक ओळ वाढवायची की नूतनीकरण आपोआप होईल आणि ते थांबले तर अमुक दोघांना कळेल.

आपल्या नात्यातले निदान तिघे तरी अशा संस्थांच्या कार्यकारिणीवर आहेत आणि हे पान वाचतात हे मला ठाऊक आहे. पुढच्या बैठकीत हा विषय काढा आणि त्या दोघांची नावे इतिवृत्तात लिहून घ्या.