लाठीचा हिशेब कोण देणार?

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी गोळ्या झेलत कसाबला धरून ठेवले, तेव्हा त्यांच्या हाती केवळ लाठी होती. त्या हल्ल्यातील १६६ बळींनंतर देश बदलला म्हणतात! राष्ट्रीय तपास यंत्रणा आली, ‘फोर्स वन’ उभी राहिली, हे स्वागतार्हच. पण १९९३ च्या स्फोटांत २५७ माणसे गेली, तेव्हाच शासनाला जाग का आली नाही? राजीनामा दिलेले गृहमंत्री वर्षभरात त्याच खुर्चीवर परतले आणि जनता ‘मुंबई स्पिरिट’च्या कौतुकात रमली. (पोटासाठी दुसऱ्या दिवशी लोकल पकडणे हे धैर्य की नाइलाज?) कर्जतसारख्या दुष्काळी तालुक्यातील मुले आजही पोलीस भरतीसाठी पहाटे धावतात. उद्या त्यांनाही लाठी देऊनच पुढे धाडणार काय?