बाबागाडी घेताय? रंग नंतर बघा!

परवा रंकाळ्यावर माझ्या काळजात धस्स झालं! फुटपाथवर चढवायला बाबागाडीची पुढची चाकं उचलली आणि दीड वर्षाच्या लेकीसकट गाडी मागे कलंडली. शेंगा विकणाऱ्या आजींनी झटकन हँडल धरलं. म्हणाल्या, ‘‘आवं, पोरीची गाडी हाय, हमालीची न्हवं!’’ हँडलला माझी लॅपटॉपची बॅग आणि भाजीची पिशवी लटकत होती ना!

खरं सांगू? दुकानात आम्ही फक्त रंग आणि वजन बघितलं होतं. छत्रीसारखी मिटणारी ही हलकी गाडी मुळात ओवेन मॅक्लारेन या निवृत्त विमान-इंजिनिअरनं १९६५ मध्ये काढली. जिन्यावरून न्यायला झकास. पण छोटी चाकं आपल्या खड्ड्यांत अडकतात आणि मागे वजन आलं की तोल जातो.

नवी गाडी घेताना मात्र चार गोष्टी तपासल्या. दोन्ही खांदे, कंबर आणि पायांमधून येणारा पट्टा. मागची दोन्ही चाकं अडवणारा ब्रेक. मोठी चाकं. आणि सामानाची जाळी सीटच्या खाली. तुम्हीही ब्रेक लावून, रिकामी गाडी दुकानातच ढकलून बघा.

आमची नवी गाडी जरा जड आहे. पण आता लॅपटॉप माझ्याच पाठीवर असतो!