एकलव्याचा अंगठा आणि आमची कविता



आदिवासींवरच्या कवितेत एकलव्य आणि शबरी यायलाच हवेत, त्याने समाजाचा अभिमान जागतो, असे मागील अंकातील पत्रलेखक म्हणतात. मला हे घातक वाटते. एकलव्याचा अंगठा मागून घेतला, हा अन्याय होता. आपण त्याचेच गुरुभक्ती म्हणून गोडवे गातो आणि मुलांकडून पाठ करून घेतो. हिरावलेल्याला ‘अर्पण’ म्हणायची सवय लागली, की हिरावलेली जमीनही कुणाला खुपत नाही. आमच्या शहादा तालुक्यात भिल्लांच्या जमिनी कर्जापायी गेल्या. त्या परत मिळवण्यासाठी अंबरसिंग सुरतवंती हे भजने गाणारे कार्यकर्ते लढले. याच लढ्यातून १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. अवघ्या पन्नास वर्षांपूर्वीची ही गोष्ट, पण संमेलनांच्या व्यासपीठावर ती ऐकू येत नाही, महाभारतातला धनुर्धारी मात्र हमखास येतो! याच तालुक्यातले कवी वाहरू सोनवणे यांनी ‘गोधड’ या कवितासंग्रहात आजचा भिल्ल माणूस मांडला. तो संग्रह पत्रलेखकांनी जरूर वाचावा. आणि संपादक महोदय, आपल्या पुढील अंकात भिल्ल कवींच्या कवितांना जागा द्यावी, ही विनंती.

— एक वाचक, पुरुषोत्तमनगर (ता. शहादा, जि. नंदुरबार)