नाव विचारायचे राहिले

चकलीचा तुकडा मोडता मोडता वाचावा असा हा विषय नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण ते चित्र आपल्यापैकी पुष्कळांनी कुठे ना कुठे पाहिलेले असेल: गालाशी बोटे टेकलेली बाई, तिच्या दोन्ही खांद्यांवर तोंड लपवून बिलगलेली मुले, मांडीवर तान्हे. १९३६च्या मार्चमध्ये अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या निपोमो गावाजवळ डोरोथिया लँग यांनी ते टिपले. मंदीने शेतकरी देशोधडीला लागले होते. थंडीने वाटाण्याचे पीक गेले, आणि खुडणीला आलेली माणसे राहुट्यांत उपाशी बसली होती. त्यांची दैना देशाला दिसावी म्हणून सरकारनेच छायाचित्रकार नेमले होते.

परवा शाळेत मधल्या सुट्टीत एका मित्राशी यावरून माझे चांगलेच वाजले. त्याचे म्हणणे असे की, नाव नाही म्हणूनच ती साऱ्या गरीब आयांची आई झाली. ठीक. पण तशी व्हायचे आहे का, हे तिला कुणी विचारले होते?

लँगबाईंनी १९६० साली स्वतःच लिहून ठेवले आहे की, आपण तिचे नाव विचारले नाही, की हकिकत विचारली नाही. वय तेवढे कळले, ३२. दहा मिनिटांत काम आटोपले. एरवी याच बाई माणसांचे बोल टिपून घेत. १९३९च्या त्यांच्या पुस्तकात ते छापलेलेही आहेत. म्हणजे रीत ठाऊक नव्हती असे नाही.

आम्हां मास्तरांचा दिवस हजेरीने सुरू होतो. नाव पुकारीपर्यंत समोरचे पोर नुसता आकडा असते. मी कादंबऱ्याही लिहितो, गरिबांवर लिहून मानधन घेतो. म्हणून तर हे मला अधिक बोचते.

चित्र छापून आले आणि छावणीत सुमारे २०,००० पौंड अन्न पोचले. ते श्रेय लँगबाईंचेच. मी ते हिरावून घेत नाही. पण तोवर ही बाई मुलांना घेऊन पुढे निघून गेली होती. मग जो तो आपल्या मनाने तिची कहाणी भरू लागला. अन्नासाठी तिने मोटारीचे टायर विकले, असे लँगबाईंनी लिहिले. तिचा मुलगा पुढे म्हणाला, साफ खोटे. लोकांनी तिच्यात गोऱ्यांची मेरीमाता पाहिली. ती होती चेरोकी, त्या भूमीच्या मूळ रहिवाशांपैकी.

फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे तिचे नाव जगाला कळले १९७८ साली, ४२ वर्षांनी. या चित्रातून मला छदामही मिळाला नाही, ते काढलेच नसते तर बरे होते, असे ती म्हणाली. (चित्र सरकारी मालकीचे होते, हेही सांगायला हवे.) १९८३ साली ती अंथरुणाला खिळली, तेव्हा मुलांनी लोकांपुढे हात पसरला. आता लोकांपाशी तिचे नाव होते. सुमारे ३५,००० डॉलर जमले. त्याच वर्षी ती वारली.